चार फुटी समुद्र

मी कोल्हापुरात खोली शोधत फिरत होते, तेव्हा आठ घरमालकांनी मला आठ वेळा तेच प्रश्न विचारले. गाव कुठलं, कुणाच्यातली, लग्न कधी करणार, पाहुणे किती येणार. मी गडहिंग्लजची, एका कॉलेजात नुकतीच लागलेली, एकटी. प्रत्येक ठिकाणी शेवटी "बघून सांगतो" असं म्हणून दार लावलं जायचं. मंगळवार पेठेतले नववे मालक मात्र दारातच आडवे उभे राहिले आणि म्हणाले,

"काय करता?"

"कॉलेजात असते. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये."

"म्हंजे पाणी तपासाय येतंय?"

"येतं की."

"खारं?"

मी गोंधळून मान हलवली. त्यांनी दार पूर्ण उघडलं. "या आत. चपला राहू द्यात पायात, फरशी वली हाय."

फरशी त्या घरात कायमच ओली असायची. बाहेरच्या खोलीत, जिथं इतरांच्या घरी दिवाण असतो तिथं, लोखंडी घोडीवर चार फूट लांबीची काचेची टाकी होती. खाली स्पंज आणि शिंपल्यांचा चुरा भरलेलं एक पिंप, पिंपातून वर गेलेली नळी, नळीतून पडणारी धार. टाकीसमोर एस.टी.च्या ड्रायव्हरची सीट. खरीखुरी, भंगारातून आणलेली, स्प्रिंग कुरकुरणारी, चार बोल्टांनी लाकडी पाटावर पक्की केलेली. मालक तिच्यात बसले आणि म्हणाले, "वरची खोली तुमची. भाड्याचं काकूंशी बोला. ह्या पाण्याचं माझ्याशी."

नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. गोल्डफिश पाळणारी घरं कोल्हापुरात पुष्कळ होती. पण समुद्राचे मासे, समुद्राच्या पाण्यात, समुद्र घाटाखाली इतका लांब असताना पाळणारं हे एकच घर असावं. गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं. पाहुणा पत्ता विचारत आला की लोक म्हणायचे, "समुद्रवाल्यांच्यात जायचंय व्हय? त्ये बघा, फुडं वलं दिसतंय न्हवं, तितंच."

मालक एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते. सत्तावीस वर्षं कोल्हापूर ते कोकणातलं एक बारकं बंदर, एवढ्या एकाच मार्गावर त्यांनी गाडी चालवली होती. निवृत्तीनंतरही खाकी शर्ट सुटला नव्हता. बोलायचे ते इंजिन चालू असल्यासारखे, समोरचा दोन फुटांवर असला तरी मागच्या सीटवर ऐकू जाईल इतक्या आवाजात. घरातून बाहेर पडताना उंबऱ्यावर थांबून आधी उजवीकडं बघायचे, मग डावीकडं, आणि मग पाऊल टाकायचे. बोळातून सायकलसुद्धा जात नसायची.

टाकीतली सगळी वस्ती त्यांनी स्वतः ओहोटीच्या वेळी कातळावरच्या डबक्यांतून धरून आणलेली. कुणाला नाव नव्हतं, हुद्दा मात्र प्रत्येकाला होता. काळे पट्टे असलेला, सगळ्यांच्या अंगावर धावून जाणारा मासा म्हणजे इन्स्पेक्टर. दगडाच्या फटीतून तोंड बाहेर काढून येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघत बसणारा बुटका मासा म्हणजे कंट्रोलर. पाठीवर शंख घेऊन फिरणारे खेकडे हे हमाल. बाकीची बारकी चिल्लीपिल्ली म्हणजे प्यासिंजर.

"इन्स्पेक्टर आज चिडलाय," मालक सकाळी जिन्याखालून ओरडून सांगायचे. मी दात घासत असायची. "प्यासिंजरांस्नी कोपऱ्यात दाबलंय. पाणी बघा म्याडम, कायतरी बिघाड हाय."

पाणी यायचं एस.टी.नं. मार्गावरचे जुने सहकारी आठवड्यातून एकदा दोन कॅन भरून आणायचे. मालक स्टँडवर जाऊन ते उतरवून घेत. एकदा मीही बरोबर गेले होते. गाडी लागली, ड्रायव्हरनं कॅन खाली दिला, आणि मालकांनी तिथंच झाकण उघडून, तळहातावर पाणी ओतून, जिभेला लावलं. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"कुठनं भरलंस?"

"धक्क्यावरनंच की."

"पुन्यांदा धक्क्यावरनं भरायचं न्हाय. तितं लाँचांचं डिझेल आस्तंय. कातळाकडं जायचं, भरती लागल्यावर."

"आवो, मला गाडी सोडायची आस्ती..."

"मी न्हवतो सोडत?"

पाण्याचा खारटपणा मोजायला लॅबमध्ये हायड्रोमीटर असतो. पाण्यात सोडलेली काचेची नळी किती बुडते त्यावरून कळतं. मालकांना त्याची गरज वाटत नसे. त्यांची जीभ पुरेशी होती. मला काही ते पटलं नाही. एका रविवारी मी तीन पेले त्यांच्यापुढं ठेवले. एकात समुद्राचं पाणी, दुसऱ्यात थोडं गोडं पाणी मिसळलेलं समुद्राचंच, आणि तिसऱ्यात नळाच्या पाण्यात मीठ विरघळवून हायड्रोमीटरला फसवणारं. त्यांनी पहिला चाखला. "ह्यो भरतीचा." दुसरा चाखला. "ह्यात पाऊस पडलाय." तिसरा जिभेला लावला आणि थुंकले. "म्याडम, ह्यो तुमच्या भाजीच्या डब्यातला. थट्टा करू नका."

त्यानंतर मी त्यांच्या जिभेची परीक्षा घेतली नाही.

शेवाळाचं संकट आलं ते मार्चमध्ये. आधी काचेवर तपकिरी भुरी धरली. मालकांनी ती रोज सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासून काढली, बसची पुढची काच पुसावी तशी, वरून खाली आणि मग आडवी. आठवड्याभरात दगडांवर हिरवे केस उगवले. नुसते हिरवे नाहीत, लांब. पाणी हललं की केसही हलायचे. कंट्रोलरची फट केसांत गेली. तो बिचारा हिरव्या झिपऱ्यांमधून बाहेर बघत बसायचा. आणि तिसऱ्या आठवड्यात सगळ्यावर जांभळट तांबडी साय पसरली. बोटानं उचलली की अख्खी पदरासारखी वर यायची, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा होती तशी.

गल्लीनं सल्ले द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं तुरटी फिरवा. कुणी तांब्याचा तांब्या बुडवून ठेवा म्हणालं. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं नीळ घाला म्हणून सांगितलं, समुद्र निळाच असतो म्हणून. मालक प्रत्येकाचं ऐकून घेत आणि मग माझ्याकडं बघत. मी मान हलवली की ते सल्ला देणाऱ्याला म्हणत, "म्याडम न्हाय म्हणत्यात. त्यास्नी सरकारी पगार हाय." का कोण जाणे, पगाराचं कारण सगळ्यांना पटायचं.

तांब्यानं हमाल मेले असते, तुरटीनं सगळेच. मी म्हटलं, "मालक, शेवाळ मारायचं नाही. ते जेवतंय कशावर ते शोधायचं."

"पाणी दर आठवड्याला बदलतोय की."

"आणि उडून जातं त्या जागी काय घालता?"

इथं त्यांचा चेहरा फुलला. "नळाचं घालत न्हाय. त्यात क्लोरीन आस्तंय, मला म्हाईत हाय. भाच्याच्या मळ्यात हीर हाय. तितनं आणतोय. जित्तं पाणी."

"मळ्यात काय असतं?"

"ऊस."

मी त्या विहिरीच्या पाण्याची बाटली कॉलेजात नेली. तपासलं. परत तपासलं, कारण आकडा पटेना. संध्याकाळी येऊन सांगितलं, "मालक, उसाला टाकलेला युरिया झिरपून विहिरीत उतरतो. तुम्ही तीन महिने टाकीला खत घालताय."

मालक सीटवर टेकले. मग म्हणाले, "म्हंजे भाच्याचा ऊस जेवढा आलाय, तेवढं माझं शेवाळ आलंय."

"तेवढंच."

"ऊस बरा आलाय ओ औंदा," ते खिन्नपणे म्हणाले.

मी म्हटलं, क्षार काढलेलं शुद्ध पाणी हवं. त्यांनी विचारलं, "ब्याटरीत घालत्यात तसलं?" मी हो म्हटल्यावर ते उठलेच. सत्तावीस वर्षं बसच्या बॅटरीत पाणी घालणाऱ्या माणसाला ही गोष्ट आपली वाटली. त्या दिवसापासून घरात बॅटरीच्या पाण्याचे कॅन येऊ लागले, आणि ते घालताना मालक टाकीला म्हणत, "आता सेल्फ मारली की स्टार्ट."

तरी शेवाळ पुरतं हटेना. पंप चालू, पाणी शुद्ध, खिडकीला पडदा, दिवा सोळा तासांऐवजी आठ तास. मालक कोळंबीचे तुकडे तांदळाएवढे करून, मोजून, दिवसातून एकदाच घालत. मग एका दुपारी मी लवकर घरी आले आणि पाण्यावर एक चुरमुरा तरंगताना बघितला. हळद लागलेला, तिखट. भडंगाचा.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मालकांच्या दीडपट उंच, अंगानं काटक, आणि त्या घरात एकट्या हळू बोलणाऱ्या.

"हे बाहेर गेलं की घालती चिमूटभर," त्या म्हणाल्या. "एकडाव जेवून कसं भागंल गं? आन् एकट्यानं खायला मला बरं वाटत न्हाय. ती बी बघालेली आस्त्यात."

मालकांना हे सांगायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे काकूंनी मला एक पुडा भडंग दिला.

शेवटचा इलाज म्हणून मालकांनी फेसाचं यंत्र करून घेतलं. खारं पाणी बारीक बुडबुड्यांतून घुसळलं की त्यातली घाण फेसाबरोबर वर येते आणि वाटीत साचते. हे मी त्यांना एका पुस्तकातली आकृती दाखवून सांगितलं होतं. ती आकृती घेऊन ते उद्यमनगरात गेले. तिथल्या कारखान्यांत वस्तूचं नाव ठाऊक नसलं तरी वस्तू करून मिळते. लेथवाल्यानं कागद उलटासुलटा करून बघितला.

"कुठल्या इंजिनाचं हाय, मालक?"

"माशांचं."

"मासं इंजिनावर चालत्यात व्हय?"

"तू नळी काप. चालवायचं मी बघतो."

पांढऱ्या पाइपाची दोन हात उंच नळी तयार झाली. बुडबुडे बारीक यावेत म्हणून हवा लाकडाच्या तुकड्यातून सोडायची होती. सागवानानं पाणी चहासारखं केलं. बाभळीतून हवाच येईना. शेवटी आंब्याच्या लाकडावर जमलं. दुसऱ्या दिवशी वाटीत काळपट, घाण वासाचा फेस जमला तेव्हा मालकांनी ती वाटी गल्लीभर फिरवली. लोक नाक धरत होते आणि मालक म्हणत होते, "बघा, बघा. ह्ये हुतं आत!"

त्यानंतर तीन दिवस टाकीवर घोंगडं टाकून पूर्ण अंधार केला. शेवाळाला उजेड नाही मिळाला की ते मरतं, माशांना काही होत नाही. त्या तीन दिवसांतही मालक सीट सोडायला तयार नव्हते. घोंगड्याकडं बघत बसायचे. शेजारच्या एक आजी आल्या, झाकलेलं आणि समोर बसलेलं माणूस बघून दारातच थांबल्या आणि काकूंना खुणेनं विचारलं, कोण गेलं?

चौथ्या दिवशी घोंगडं काढलं. पाणी इतकं निवळलं होतं की टाकी रिकामी वाटली. इन्स्पेक्टर एका टोकाकडून निघाला आणि सरळ दुसऱ्या टोकाच्या काचेवर आपटला.

मासे बदलत गेले, ती टाकी मात्र पुढं पुष्कळ वर्षं चालली. माझं लग्न होऊन मी गडहिंग्लजला परत गेले, दोन हजार साल उजाडलं, शहरात परदेशी मिठाच्या पिशव्या मिळायला लागल्या, ज्या नळाच्या पाण्यात ओतल्या की समुद्र तयार. मालकांनी मला एकदा फोनवर सांगितलं, "पिशवीतला समुद्र चाखला म्याडम. मेलेला हाय." पण मालक म्हटलं की मला त्या पहिल्या वर्षीच्या मे महिन्यातले चार दिवसच आठवतात.

मालक भाचीच्या लग्नाला गारगोटीला गेले होते, दोन रात्रींसाठी. काकू गेल्या नव्हत्या. घरच्या लग्नाला ह्या का गेल्या नाहीत, हे मला विचित्र वाटलं, पण मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाण्यासाठी जिना उतरले तर टाकीतलं पाणी ताकासारखं झालेलं. सगळे प्यासिंजर वरच्या बाजूला तोंडं काढून धापा टाकत होते. इन्स्पेक्टर एका कुशीवर कलला होता.

"काकू!"

त्या धावत आल्या. मी पिंपाचं झाकण उघडलं. आतले स्पंज पांढरेशुभ्र. शिंपल्यांचा चुरा तर मोत्यासारखा चमकत होता. धुण्याच्या सोड्याचा वास येत होता.

"ह्ये किती घाण झालतं बाई," काकू म्हणाल्या. "तपकिरी, गिळगिळीत. ह्यास्नी कंबर वाकून धुवाय हुत न्हाय, आन् दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाईत. म्हटलं ह्ये न्हाईत तवर काल लख्ख करून ठिवू. वाळवलं बी उनात."

त्या तपकिरी गिळगिळीत थरातच तर सगळं होतं. माशांच्या घाणीतून विष तयार होतं, आणि ते विष खाणारे जंतू त्या थरात राहतात. पिंप म्हणजे गाळणी नव्हतं, त्यांचं घर होतं. काकूंनी ते सोड्यानं धुऊन, पिळून, उन्हात टाकलं होतं. मी हे शक्य तेवढ्या सावकाश सांगितलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"म्हंजे मी मारली."

"अजून मेली नाहीत. उठा."

कोपऱ्यात समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन शिल्लक होते. निम्मं पाणी काढून ते ओतलं. हवेचे दोन्ही पंप पूर्ण जोरात लावले. मी कॉलेजात फोन करून रजा टाकली. माशांना जरा बरं वाटायला लागलं आणि अकराच्या सुमारास लाईट गेली.

पंप थांबले. मग आम्ही दोघींनी एकेक तांब्या घेतला. टाकीतलं पाणी तांब्यात घ्यायचं, हात उंच करायचा आणि वरून धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. एक दमली की दुसरी. उन्हाळ्याची दुपार, पंखा बंद, दोघी घामानं निथळत. समोरच्या गिरणीवाल्याची बायको डोकावली आणि तिला वाटलं अभिषेक चाललाय. ती हात जोडून बसली. थोड्या वेळानं आणखी दोघी आल्या. काकू रडत होत्या आणि धार सोडत होत्या. त्यामुळं बायकांची श्रद्धा आणखी वाढली. शेवटी मी त्यांनाही तांबे दिले. तीन वाजेपर्यंत आम्ही पाचजणी पाळीपाळीनं टाकीत पाणी ओतत होतो.

त्या पाळ्यांच्या मध्येच काकू माझ्याशी बोलल्या. "तुला म्हाईत हाय का, ह्ये कशापायी केलंय ह्यांनी?"

"त्यांना समुद्राची सवय."

"त्यास्नी सवय हाय. मी बघितलेला न्हाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला गाडी लागती. लग्न करून आले तवा हातकणंगल्यासनं हितपतूर चारदा उलटी केली. ड्रायव्हरची बायकू! लोकं हसली. घाटातनं तर मी जाऊच शकत न्हाय. गारगोटीला बी गेले न्हाय ती त्याच्यासाठीच. ह्ये यायचे आन् समुद्राचं सांगायचे. मी म्हणायची, सांगू नका, मला कुठं दिसणार हाय. मग रिटायर झाल्याव एक दिवस काच घिऊन आले."

लाईट आली. पंप घरघरले. दोन प्यासिंजर मेले होते. बाकीचे वाचले.

मालक संध्याकाळी आले. अंगाला अजून लग्नातल्या अत्तराचा वास. त्यांनी उंबऱ्यातूनच टाकी बघितली आणि त्यांना सगळं समजलं. पिंपाचं झाकण उचललं. चमकणारे शिंपले हातात घेतले. काकू स्वयंपाकघराच्या दाराआड. गल्ली श्वास रोखून ऐकत होती, कारण मालकांचा साधा आवाजच चार घरांपलीकडं जायचा, रागाचा किती जाईल याचा अंदाज कुणालाच नव्हता.

मालकांनी शिंपले परत पिंपात टाकले.

"भांडी चांगली घासल्यात," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मग माझ्याकडं वळले. "इलाज?"

"नवे जंतू तयार व्हायला महिना लागेल. तोवर रोज पाणी बदलावं लागेल. एवढं पाणी येणार नाही."

"न्हायतर?"

"नाहीतर मासे परत समुद्रात."

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. इन्स्पेक्टर आला, बोटाला टोचायला धावला, आणि दमून निम्म्यातच थांबला. "सोडूया," मालक म्हणाले. "उद्याची सकाळची गाडी. म्याडम, तुमी येता काय? वाटंत पाणी हलवाय कुणीतरी लागंल."

दाराआडून आवाज आला. "मी बी येणार."

"तू? अगं, घाट हाय त्यो. चौदा वळणं नुसती..."

"मी बिघडवलंय. मी सोडणार."

मालकांनी उभं आयुष्य घाटात गाडी चालवली होती, पण त्या प्रवासाइतके घाबरलेले ते कधी नसतील. काकूंना ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट दिली. हातात लिंबू, पदराला आल्याचा तुकडा, पुढ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या. मी आणि मालक मागं, दोघांच्या मध्ये मासे असलेली झाकणाची बादली, आणि मालकांनी रात्रीतून बॅटरीवर चालणारा करून घेतलेला हवेचा पंप माझ्या हातात. घाट लागला तसे मालक उठून उभे राहिले आणि ड्रायव्हरला सांगायला लागले, "हितं दुसऱ्यावर घे. हळू. हळू रं. ब्रेक मारू नगंस, सोड नुसती." ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. तो आरशात बघून म्हणाला, "मालक, तुमी बसा न्हायतर मला गाडी लागंल."

काकूंना तीनदा उलटी झाली. प्रत्येक वेळी त्या तोंड पुसून विचारायच्या, "मासं बरं हायीत?" आणि मी हो म्हटलं की पुन्हा डोळे मिटायच्या.

गाव खरंच बारकं होतं. गाडी समुद्राच्या अगदी कडेला जाऊन थांबायची. रस्ता तिथंच संपत होता. काकू उतरल्या, एक हात गाडीला टेकवून उभ्या राहिल्या, आणि वर बघितलं.

मालक भराभर कातळाकडं निघाले होते, भरती कुठवर आलीय ते बघत. मागं वळून त्यांनी हाक मारली. काकूंनी ती ऐकलीच नाही. त्या तशाच उभ्या होत्या. मग सरळ पाण्याकडं चालत गेल्या, चप्पल घालूनच, लुगड्याचा काठ भिजेपर्यंत.

मासे त्यांनीच सोडले. कातळावरच्या एका खोलगट डबक्यात आधी बादलीतलं पाणी आणि समुद्राचं पाणी मिसळू दिलं, मग बादली आडवी केली. हमाल आपापलं ओझं घेऊन चालते झाले. कंट्रोलरनं पहिली फट दिसताच ती धरली. प्यासिंजर पांगले. इन्स्पेक्टर मात्र बादलीच्या तोंडाशी घुटमळत राहिला. "जा की!" मालक ओरडले. काकूंनी त्यांना हातानं गप्प केलं आणि बादली आणखी जराशी कलती केली. एक लाट आली, डबकं भरून वाहिलं, आणि ती ओसरली तेव्हा तो नव्हता.

मग आम्ही वाळूत बसलो. बरोबर आणलेली भाकरी-चटणी खाल्ली. काकूंच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, तरी त्यांचं जेवणाकडं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "एवढं पाणी. ह्याचं पिंप कोण धुतंय?"

"कोण न्हाय," मालक म्हणाले.

"मग?"

"आपापलं हुतंय."

काकूंनी वाळूतला एक शिंपला उचलला. हिरवट, गिळगिळीत, तपकिरी डागांचा. बोटानं पुसायला गेल्या आणि थांबल्या. होता तसा खाली ठेवला.

साडेतीनला गाडी परत निघायची होती. माझी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकलं होती, मी उठले. मालकही उठले, अंगावरची वाळू झटकली. "चला. चढताना घाट तसा सोपा आस्तोय. डोळं मिटून बस."

काकू जागच्या हलल्या नाहीत. "तुमी हितं वस्तीला यायचा तवा झोपत हुता कुठं?"

"गाडीच्या टपावर. उनाळ्यात. न्हायतर त्या समोरच्या शाळंच्या वट्यावर."

"हितनं दिसायचा समुद्र?"

"आंधारात कुठला दिसतोय? ऐकू यायचा रातभर."

"मग मला बी ऐकायचाय," काकू म्हणाल्या.

मालकांनी गाडीकडं बघितलं, काकूंकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. मग पुन्हा खाली बसले.

मी एकटीच गाडीत चढले. खिडकीतून दोघं दिसत होती. मधे रिकामी बादली. मालक हात लांब करून काहीतरी दाखवत होते, आणि या वेळी ओरडत नव्हते, कारण काकू अगदी शेजारी बसल्या होत्या. कंडक्टर तिकिटाचा ट्रे सावरत माझ्याजवळ आला आणि बाहेर बघून म्हणाला, "आमचे जुने ड्रायव्हर ऱ्हायले की. थांबवू काय गाडी?"

"नको," मी म्हटलं. "त्यांची आज इथं वस्ती आहे."

त्यानं दोरी दोनदा ओढली.